राजा घरी कसा आला

आई, परवा दुपारी टीव्हीवर तो दगड होणाऱ्या राजाचा सिनेमा लागला, सोलापुरात आपण दोघींनी अर्धाच पाहिलेला. घरात मी एकटीच होते. नातू इथे होता तोवर त्याच्या राक्षसांच्या मालिका मी त्याच्याशेजारी बसून बघायचे. बर्फात उघड्या अंगाने हिंडणाऱ्याला थंडी कशी वाजत नाही, असं विचारलं की तो जीव तोडून कारण द्यायचा आणि मला तू आठवायचीस. आता तो आईबापाबरोबर लांब राहतो. माझ्या शंका माझ्याजवळच राहतात.

अशी कारणं देण्यात तू तर उस्ताद होतीस. सिनेमा एकीने बघायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, अशी आपल्या गल्लीत रीतच होती. दुसऱ्या दिवशी बायका मांडीवर सूप घेऊन अंगणात विड्या वळायला बसायच्या, मी ओल्या फडक्यातली पानं कातरून पुढे सरकवायचे आणि तू सांगायला लागायचीस. शेजारची अक्का, घरात तेलुगू बोलणारी, तुला अडवायला टपलेली असायची. इतकी वर्षं तळघरात कोंडलेल्या राजपुत्राची दाढी गुळगुळीत कशी? तू म्हणायचीस, राजाचंच तळघर ते, तिथे न्हावी नसेल होय? रणात मेलेल्या सेनापतीचं पोट वरखाली होत होतं, त्यावर तुझं उत्तर असं की चांगल्या माणसाचा जीव जायला वेळ लागतो. बायका हसायच्या, पण तुझं म्हणणं त्यांना पटायचं.

आबा तुला-मला मागे ठेवून भिवंडीला कापडाच्या मागावर कामाला गेले, त्याला त्या सिनेमापर्यंत दोन दिवाळ्या झाल्या होत्या. पत्र नाही, निरोप नाही. तिथे सुट्टीच देत नाहीत, असं तू सगळ्यांना सांगायचीस. त्यावर मात्र अक्काही शंका काढत नव्हती.

त्या सिनेमाच्या दिवशी थिएटरात मध्यंतराचे दिवे लागतात. आपण बायकांच्या बाकड्यांवर, कठड्यापलीकडे पुरुष. राजा शाप लागून नुकताच दगड झालाय. पलीकडे एक माणूस मांडीवरच्या पोराला शेंगा सोलून देतोय आणि टरफलं खाली न टाकता आपल्या टोपीत ठेवतोय. असं करणारा माणूस मी एकच पाहिलेला. मी म्हणते, आई, आबा. तू बघतेस. बराच वेळ बघतेस. मग माझा दंड धरून मला उठवतेस.

"त्ये न्हाईत. तुज्या आबांना सिनेमात झोप लागती. ह्यो मानूस जागा हाय की."

घरी येईपर्यंत तू माझा दंड सोडला नाहीस. मला तुझा भयंकर राग आला होता. ते आबाच होते, हे मला कळलं होतं आणि तुलाही.

दुसऱ्या दिवशी अंगणात बायका जमल्या. आज तुझी पंचाईत होणार, असं मला वाटलं, कारण मध्यंतरानंतरचा सिनेमा आपण पाहिलाच नव्हता. तू दगडापर्यंत आलीस आणि न थांबता पुढे गेलीस. राणी रोज वाटेवर पाणी शिंपडून ठेवायची, म्हणालीस. दरबार उठून गेला, दासी गेल्या, तरी तिने शिंपडणं सोडलं नाही. आणि मग एका सकाळी तो दगडाचा राजा चालत घरी आला. अक्काचा हात थांबला.

"दगुड कसा चालंल गं?"

तू विडीला दोरा गुंडाळत होतीस. मान वर केली नाहीस.

"घर कुटं हाय त्ये ठावं हुतं की त्येला. आनि काय लागतंय?"

अक्काने तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. पुढचं पान उचलत ती एवढंच म्हणाली, व्हय, त्ये बी खरंच.

परवा मी सिनेमा पहिल्यापासून बघितला. राजा दगड झाला आणि मध्यंतराची पाटी आली. पुढे खरं काय झालं ते आता कळणार होतं. मी टीव्ही बंद केला.

हे पत्र कुठेच जाणार नाही. तुला अक्षर येत नव्हतं, काही वाचायचं झालं तर मीच वाचून दाखवायचे. नातवाचा फोन आला की त्याला सांगेन, राजा घरी आला. तो नक्की विचारेल, दगड कसा चालला. हल्ली त्याचा फोन येत नाही. अभ्यास फार असतो त्याला.