शून्य रुपयांची तिकिटं

अनसिंग,
१९ एप्रिल

प्रिय रंजीता,

तुझा निरोप येऊन अकरा दिवस झाले. तू दोनच गोष्टी विचारल्या होत्यास : आजी कशी आहे, आणि तिला सोडून मला पुण्याला परत येता येईल का. तुझ्या विभागातली जागा तू तीस तारखेपर्यंत माझ्यासाठी धरून ठेवली आहेस, असंही लिहिलं होतंस. फोनवर हे दोन मिनिटांत आटोपलं असतं. पण फोनवर मी जे उत्तर दिलं असतं ते खोटं असतं, म्हणून कागद घेतला. आधी आजीचं लिहिते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याशिवाय तुला कळणार नाही.

आजी बरी आहे. हे वाक्य मी सव्वा वर्षात पहिल्यांदा लिहिते आहे. गेल्या वर्षी जानेवारीत ती हापशापाशी चक्कर येऊन पडली, कपाळाला तीन टाके पडले, आणि आठवड्याच्या आत मी राजीनामा देऊन इथे आले. बाबांची नोकरी नांदेडला, आई त्यांच्याजवळ, आजी घर सोडायला तयार नाही. कुणीतरी यायलाच हवं होतं, आणि मी आले याचं कुणालाच नवल वाटलं नाही, फक्त कौतुक वाटलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की म्हातारीने उपाशीपोटी दोन हंडे भरले, एवढंच कारण आहे. टाके आठव्या दिवशी निघाले. मी राहिले.

इथे मी काय करते ते तुला माहीत हवं. दिवसातून तीनदा तिचा रक्तदाब मोजते, ठरलेल्या वेळी, पाच मिनिटं शांत बसवून, हात छातीच्या उंचीवर. वहीत आकडे आहेत, आकड्यांचा आलेख आहे. तिच्या वाटचं मीठ मी काट्यावर तोलते. गच्चीची शिडी काढून ठेवली, तर फेब्रुवारीत तिने खारोड्या शेजारच्या धम्मरत्नकाकांच्या गच्चीवर नेऊन वाळत घातल्या. नातीने दवाखाना घरातच आणला, असं ती बायकांना सांगते आणि हसते. बायका हसत नाहीत. त्या म्हणतात, नशीब लागतं अशी नात मिळायला.

वसंतात ती घरात मावत नाही. होळीच्या आधी पळसाची फुलं वेचून आणणं, मग शेवया, मग काड्यांवर कणीक गुंडाळून सरगुंडे, एप्रिल लागला की जयंतीच्या गाण्यांचा सराव. वस्तीतल्या अकरा बायकांना ती गाणी शिकवते आणि ज्या सुरात चुकतात त्यांना सरळ नावानिशी झापते. अंगणात कडुलिंबाचा मोहर गळत असतो. तो ती झाडत नाही, मलाही झाडू देत नाही. या सगळ्यात मी दाराशी वही घेऊन उभी असते. दुपारी छत तापलं की दोन खोल्यांमध्ये तिसरीकडे जायला जागा नसते. कूलरसमोर आम्ही दोघी बसतो, आणि पाच वाजता पुन्हा मोजायचं म्हणून मी घड्याळ बघते.

फाल्गुनात तिने नवीन खूळ घेतलं. एसटीत पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना प्रवास फुकट असतो, आणि आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी १९५० आहे. दीक्षेच्या वर्षी, म्हणजे १९५६ साली, ती आईच्या कडेवर होती असं ती सांगते. तो हिशोब धरला तर तिची अजून दोन-तीन वर्षं बाकी आहेत. हे मी दाखवून दिलं तेव्हा ती म्हणाली की सरकारला घाई आहे तर आपण कशाला अडवायचं. आठवड्यातून चार-चार दिवस ती सकाळीच निघायची. विचारलं की उत्तर एकच : रिसोडला, बहिणीकडे, रंगूबाईकडे. दुपारी परत यायची तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा असायचा, आणि वहीतला आकडाही सकाळपेक्षा कमी.

तुझा निरोप आला त्या संध्याकाळी मी खिरीसाठी शेवयांचा डबा उघडला, तर तळाशी तिकिटांची गुंडाळी निघाली, रबर लावलेली. शून्य रुपयांची तिकिटं, एकतीस फेऱ्यांची. मी ती तारखेप्रमाणे लावली. तू ओळखतेस मला. बस वाशिमला बदलावी लागते; वाशिमहून रिसोडचं तिकीट नऊ बावन्नला फाडलेलं, रिसोडहून वाशिमचं अकरा चौदाला. पहिली फेरी सोडली तर दर वेळी असंच. जायला तासभर लागतो. रंगूबाईचं घर स्टँडपासून दोन किलोमीटर आहे. उरलेल्या वीसेक मिनिटांत आजी तिच्या दारापर्यंतसुद्धा पोचत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर बसमध्ये चढले. तिने नको म्हटलं नाही. माझं अर्धं तिकीट, तिचं शून्याचं. कंडक्टर हरिसिंग तिला ओळखतो. त्याने विचारलं, आज पोलीस संगं आणला काय आजी. ती म्हणाली, पोलीस नाही, इंजिनेर आहे, मीठ तोलते. मागच्या बाकापर्यंत लोक हसले. डावीकडची तिसरी खिडकी तिची ठरलेली. कुणाच्या शेतात हळद शिजते आहे ते ती मला बोटाने दाखवत होती, अनोळखी बाईचं पोर मांडीवर घेऊन तिला दात येतानाची औषधं सांगत होती, आणि तेच गाणं गुणगुणत होती जे घरात मी आत आले की बंद करते. रिसोडला आम्ही स्टँडवर चहा घेतला आणि त्याच बसने परत निघालो.

परतीच्या वाटेवर मी तिला विचारलं, बहिणीचं नाव कशाला सांगतेस. ती खिडकीबाहेर बघतच बोलली. “रंगूबाईकडं मी येकदाच गेलती. तू आली तवापासून तुह्या मनात काय तरी हाय, माये. मी समोर बसून पाह्यलं, तू बोलली नाई. दोन खोल्यायचं घर, म्हातारी समोर असल्यावर कोन रडते? मंग म्हनलं, आपन घरात नसलो त पोरगी मोकळी रडून तरी घेईन.” थोड्या वेळाने म्हणाली की सुरुवात माझ्यासाठी केली होती, आता तिलाच गोडी लागली आहे, तेव्हा मी रडणं संपवलं असेल तरी ती जाणं बंद करणार नाही.

मी रडले नव्हते, रंजीता. त्या एकतीस सकाळी मी घरात बसून तिच्या रक्तदाबाचा आलेख नीट करत होते. आणि आता जे लिहिते ते मी स्वतःशीही कधी बोलले नाही. वरचा आकडा १५८ आला की मला बरं वाटायचं. १२८ आला की मी पुन्हा मोजायचे. आजी बरी झाली तर मला इथे राहायला कारण उरत नव्हतं, आणि परत जायचं म्हणजे ज्यातून पळून आले तिथेच जायचं होतं. हे दार मी आतून लावलं होतं आणि तिला आजारी ठरवून त्याला टेकून बसले होते. ती बिचारी मला मोकळीक मिळावी म्हणून उन्हातान्हात एसटीत बसत होती.

तरीही मी गप्प राहिले असते. चौदा तारखेला जयंतीच्या कार्यक्रमात आजीच्या बायका गायल्या, चांगल्या गायल्या, आणि मग समितीने माझं नाव पुकारलं. आजीसाठी पुण्याची नोकरी सोडून आलेली मुलगी म्हणून मला शाल दिली. माइकवर सांगितलं की आजच्या मुलींनी हिच्याकडे बघावं. सगळा मंडप टाळ्या वाजवत होता. आजी पहिल्या रांगेत, पांढऱ्या लुगड्यात, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. तिने टाळी वाजवली नाही. ती फक्त माझ्याकडे बघत होती, आणि मला शाल खांद्यावरून काढता येईना.

आता तुझा दुसरा प्रश्न. आजी पडायच्या आदल्या डिसेंबरात आपण तपासून दिलेल्या चौदा दाबमापकांची एक खेप ग्राहकाकडून चुकीची ठरून परत आली होती. त्या प्रमाणपत्रावर तुझं नाव होतं. तुला नोटीस मिळाली, वर्षाची पगारवाढ गेली, पाच महिने तुला भांडारात बसवलं. तू मला खोलीवर म्हणाली होतीस की कसं झालं ते तुला आठवतच नाही, तूच चुकली असशील. तुला आठवणार नाही, कारण तू केलंच नव्हतंस. तपासणीच्या दुपारी माझं संगणकावरचं खातं बंद पडलं होतं आणि मी तुझ्या खात्यावरून काम केलं. मापकं उन्हातल्या गाडीतून आली होती. तपासण्याआधी वीस अंशांच्या खोलीत त्यांना चार तास ठेवायला हवं होतं. मी चाळीस मिनिटं ठेवली आणि चार तास लिहिले. तू भांडारातून डबा घेऊन वर यायचीस आणि माझ्याशेजारी बसून जेवायचीस. ते मला तीन आठवडे जमलं. मग आजी पडली, आणि खरं सांगते, ती बातमी ऐकून मला आधी सुटल्यासारखं वाटलं. तू आज मला ज्या भरवशावर जागा देते आहेस तो भरवसा त्या तीन आठवड्यांतला आहे, म्हणून ती मला घेता येत नाही. तारीख, वेळ, तपमान, कुणाचं खातं, सगळं लिहून मी काल आपल्या व्यवस्थापकांना स्पीड पोस्टाने पाठवलं. तुला आज लिहिते आहे. कारण आधी लिहिलं असतं तर तू नक्की म्हणाली असतीस की जाऊ दे, आता काय त्याचं, आणि मी ते ऐकलं असतं.

तुझीच, हे वाचूनही तुला चालत असेल तर,
धम्मदीपा