क्षिप्रेच्या पुलावरचा 'हो'

'सोबत' गाडीची किंमत कागदावर नव्वद हजार आहे. खरी किंमत अशी: माझी पत्नी शैला हिच्या दोन पाटल्या, सतरा वर्षांचे रविवार आणि तिचे धारचे माहेरपण, जे देवासहून अवघ्या अडीच तासांवर असून दर वर्षी पुढल्या वर्षावर गेले.

हे आधी नोंदवून मी, मानाजी रखमाजी भोइटे, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा मोटर मेकॅनिक, राहणार देवास, माझ्या मागे काय कोणाचे व्हावे ते कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. कान बुद्धीहून तेज आहेत. इंजिनाच्या आवाजावरून मी रोग सांगतो, आणि 'सोबत'मध्ये बोललेला शब्द माझ्या कानातून सुटत नाही. शैला म्हणायची, "यांना साऱ्या गावाचं ऐकू येतं, माझं तेवढं सोडून." बायका म्हणतातच.

१. राहते घर मुलगी वल्लरी हिला. कऱ्हाडहून एक पत्र्याची पेटी घेऊन कारखान्यात हेल्पर लागलो, पुढे स्वतःचे गॅरेज टाकले, त्यातून हे उभे राहिले. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. मात्र पुढल्या खोलीतला फळा, ज्यावर उद्या 'सोबत'मधून कोणत्या म्हाताऱ्याला दवाखान्यात, कोणाला पेन्शनीसाठी बँकेत न्यायचे ते लिहितो, तो वीरेंद्रकडे पोचवावा. फळा कोरा राहू नये.

२. 'सोबत' गाडी, सगळे पाने, दोन्ही जॅक आणि बँकेतील ठेवीचे व्याज पेट्रोलसाठी, हे वीरेंद्र पांढरे यास. पाळीने गाडी चालवणाऱ्या आमच्या पाच जणांत तो धाकटा, म्हणजे एकसष्टचा. एकदा माझ्या मागे बसून माझ्याबद्दल शेजारच्याला हळूच म्हणाला होता, "डोकरा मरेगा तो भी स्टेअरिंग पकड़ के मरेगा, भिया." मला ऐकू गेले. खोटे बोलला नाही, म्हणून किल्ली त्यालाच. अट एक: भाडे घेऊ नये. अट दुसरी: दारात हॉर्न देऊ नये. इंजिन बंद करावे, उतरावे, नावाने हाक मारावी आणि थांबावे. हॉर्न ऐकला की म्हातारी माणसे पायऱ्यांवर घाई करतात.

३. शैलाचे बंधू भैयासाहेब, मुक्काम धार. यांचे पणजोबा दरबारात होते, हे त्यांनी मला लग्नात तीनदा सांगितले. गाडी सुरू केली त्या वर्षी फोनवर म्हणाले, "मानाजीराव, फुकटात ड्रायव्हरी करता, निदान टोपी तरी घाला." मी फोन ठेवला. ते माझ्या फोनची वाट पाहत राहिले, मी त्यांच्या. वर रविवारचा उल्लेख केला आहे. रविवार हे निमित्त होते. दर दिवाळीनंतर शैला बॅग भरायची, मी म्हणायचो, "या रविवारी माझी पाळी आहे." ती साड्या परत कपाटात लावायची. घड्या तशाच आहेत. भैयासाहेबांना मी माझी ड्रायव्हरची खाकी टोपी देत आहे. ती मी त्याच आठवड्यात विकत आणली होती. घातली मात्र नाही.

४. आता मुख्य. शैलाचे डायलिसिस इंदूरला होते. तीन वर्षे, आठवड्यातून दोनदा, ती माझ्या शेजारी डाव्या सीटवर. सन २०२२, जानेवारीचा शेवटचा मंगळवार. परतताना क्षिप्रेच्या पुलावर तिने माझ्याकडे वळून काहीतरी विचारले. मी म्हणालो, "हो." ती हसली, आणि देवास येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. गुरुवारी ती गेली.

कशाला 'हो' म्हणालो ते मला ठाऊक नाही. त्या दिवशी फॅन बेल्ट किंचाळत होता, त्यात तिचा शब्द बुडाला. वीरेंद्र म्हणतो बेल्ट आदल्या दिवशीच बदलला होता. म्हणो बापडा. मागच्या सीटवर त्या दिवशीच्या दुसऱ्या प्रवासी जमुनाबाई होत्या. त्यांना मी चारदा विचारले. "मी पेंगले होते हो, दादा," एवढेच त्या सांगतात, आणि डोळे पुसतात.

तिला इतके हसू यावे असे ती काय मागेल? मला धारशिवाय सुचत नाही. म्हणून: माझ्या मागे पहिल्या दिवाळीनंतरच्या रविवारी गाडी धारला न्यावी. वल्लरीने कपाटातल्या साड्यांची बॅग न्यावी. डावी सीट रिकामी ठेवावी. भैयासाहेबांनी दारात उभे राहावे. टोपी घालावी किंवा घालू नये. तिने दुसरेच काही मागितले असेल, आणि ते कोणाला कळले, तर वल्लरीने तेही करावे. 'हो' म्हटलेले आहे.

५. वीरेंद्रला साक्षीदार केलेले नाही, कारण त्याला मिळते आहे. डॉक्टर कोमलला सांगितले आहे की तपासून जे आढळेल ते सगळे लिही, काकांची भीड धरू नको.

ठिकाण देवास. रविवार, दिनांक ९ नोव्हेंबर २०२५.

सही: मानाजी रखमाजी भोइटे

साक्षीदार: १. जमुनाबाई सकपाळ. २. डॉ. कोमल राजोपाध्ये.

डॉक्टरांचा दाखला: श्री. भोइटे यांना आज तपासले. स्मरण व समज उत्तम. उजवा कान उत्तम. डाव्या कानाने, त्यांच्याच सांगण्यानुसार, सन २०१४ पासून काहीही ऐकू येत नाही.