वीस मिनिटांचा दिवा

४ जून
आज यांनी खाटेवर बसल्या बसल्या रेडिओदुरुस्तीची पेटी मागितली. चाळीस वर्षं याच धंद्यात घातली, पण आता हात इतके कापतात की स्क्रू धरवत नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, जिना बंद. म्हणजे हे दिवसभर माडीवर, मी खाली स्वयंपाकघरात. काही झालं तर हाक मारायला श्वास कुठे आहे?

म्हणून दिवा! उशाशी बटण. दर वीस मिनिटांच्या आत ते दाबायचं. नाही दाबलं, की खाली ओट्यावर लाल दिवा लागणार. वीज सारखी जाते, म्हणून सेलवर.

५ जून
शास्त्रात काठावर पास होऊन मॅट्रिक झालेली मी — आज सोल्डरिंगला बसले! "अगं, इस्त्री नाही करायची. टेकव आणि उचल!" बोट भाजलं. कपॅसिटर म्हणजे काय, विचारलं. "नळाखालची बादली समज. हळूहळू भरते. भरली की दिवा. बटण दाबलं की बादली उपडी." शाळेत असं कोणी शिकवलं असतं तर!

जोडावर टेप गुंडाळली तर म्हणाले, "शेवटचं टोक दुमडून ठेव. पुढे जो उघडेल त्याला नखानं खरवडत बसायला नको."

सगळं साबणदाणीत मावलं. ती यांच्या उशाशी, तिथून वायर खाली ओट्यावरच्या दिव्यापर्यंत.

६ जून
वाद झाला. यांचं म्हणणं, उलटं करू. मी ठीक आहे तोवर दिवा जळत राहील, विझला की तू धाव. "सेल संपला, वायर तुटली, तरी कळेल." मी म्हटलं, दिवसभर दिवा जाळायचा? सेल पुरतील कसे? हसले. "बरं, हिशेबनीसबाई. तुमच्या राज्यात अंधार म्हणजे क्षेम."

माझंच ऐकलं. सेलही नवे आणले नाहीत — दोन्ही घड्याळांतले काढून घातले. वेळ काय, रेडिओवर कळते.

१४ जून
आज पाच वेळा दिवा लागला. पाचही वेळा देवाचा धावा करत जिना चढले. पाचही वेळा हे घोरत! दूध उतू गेलं. गुडघा भोपळ्याएवढा झालाय. संध्याकाळी त्या कापऱ्या हातांनी गुडघ्याला तेल लावून दिलं. "काढून टाकू या का तो दिवा?" म्हणाले. मी म्हटलं, खबरदार!

१५ जून
एकदाही लागला नाही. देव पावला.

१८ जून
चार दिवस दिवा गप्प. "शिकलात एकदाचे वेळेवर बटण दाबायला!" म्हटलं. "शिकलो," म्हणाले. आज कितीतरी दिवसांनी मध्ये न उठता पोथीचा अध्याय पुरा झाला. गुडघाही उतरलाय.

२१ जून
हे गेले.

काल दुपारी. मी खाली तांदूळ निवडत होते. मान वर करून करून दिव्याकडे बघत होते. अंधार — म्हणजे क्षेम! चहा घेऊन वर गेले तर हात गार. डॉक्टर म्हणाले, "झोपेतच गेले. तास तरी झाला असेल."

तास!

२३ जून
नणंद चारचौघांत बोलली, "वहिनी, दोन नवे सेल नाही आणवले तुझ्याच्यानं?" खरंच तर आहे. वाद मी जिंकला. जुने सेल मी घातले. देवापुढे बसते, पण तोंडातून नाव निघत नाही. कुठल्या तोंडानं घेऊ?

२ जुलै
आज साबणदाणी उघडली. ते सेल टॉर्चमध्ये घालून पाहिले — लख्ख उजेड!

मग आत पाहिलं. दिव्याकडे जाणारी वायर कापलेली. कापल्या जागी टेप, वेडीवाकडी, कापऱ्या हातानं गुंडाळलेली. ती मी लावलेली नव्हे.

शेवटचं टोक दुमडून ठेवलं होतं.