स्विचबोर्डावरील शून्य चुकांबाबत खुलासा

प्रति,
मा. सचिव,
शिष्यवृत्ती समिती (ऑनर्स विद्यार्थी),
मानवी घटक संशोधन विभाग, पुणे.

विषय : कु. कादंबरी ओव्हाळ हिची शिष्यवृत्ती ज्या कारणाने नाकारली, ते कारण मी स्वतः असल्याबाबत.
संदर्भ : आपले तिला आलेले नकाराचे पत्र.

महोदय,

मी छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. निवृत्तीनंतर घरी मुलांचा वर्ग घेते. कादंबरी माझी जुनी विद्यार्थिनी. वस्तू माणसाला सोयीची कशी करावी, हा तिचा विषय. वर्गातल्या स्विचबोर्डावर आठ बटणे एका ओळीत असतात आणि हवा तो पंखा लावायला आपण सगळीच दाबून पाहतो. तिने छतावर पंखे-दिवे जसे आहेत तशीच बटणे मांडून नवा बोर्ड केला. जुन्या आणि नव्या बोर्डावर मुले किती चुकतात, हे मोजायला ती माझ्याकडे आली.

सराव फेरीत मुलांनी जुन्या बोर्डावर सपाटून चुका केल्या. मला ते बघवेना. कादंबरी चहा घ्यायला उठली, तेवढ्यात मी फळ्यावर आकृती काढून आठही बटणे पाढ्यासारखी पाठ करून घेतली. चाचणीत चोवीसही मुले बिनचूक. इंद्रजीतने तर "ताई, डोळे मिटून लावू का?" असे विचारून तसे लावूनही दाखवले. मला भरून आले. कादंबरीचा चेहरा उतरला.

तिने दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतली मुले बोलावली. त्यांना माझ्या मुलांनी आधीच शिकवून ठेवले होते. तिने प्रामाणिकपणे जुन्या बोर्डावरही शून्य चुका लिहिल्या आणि आपण "नव्या बोर्डाची गरज दिसत नाही" असे कळवले.

पत्र आल्यावर मी कबुली दिली. ती रागावली नाही. शेजारीण चौकशीला येईपर्यंत हसत राहिली. मग म्हणाली, "बाई, मला चुकाच हव्या होत्या. मूल चुकलं तर चूक बोर्डाची धरायची असते." हे मला आधी कुणी सांगितले असते तर लाल शाई पुष्कळ वाचली असती.

गेल्या शनिवारी पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका शाळेत फेरचाचणी झाली. तिथे मला कुणी ओळखत नाही. तरीही मला फाटकापाशी शिपाई सोजरबाईंच्या ताब्यात ठेवले होते. भलताच पंखा फिरला की आतून हशा येई. जुन्या बोर्डावर एकसष्ट चुका, नव्यावर तीन. महोदय, एकसष्ट! पहिल्या नंबरांनीही मला एवढा आनंद दिलेला नाही.

तरी जुना निकाल रद्द करून नव्याचा विचार व्हावा. शंका असल्यास आपल्या दालनातील बोर्डावर समितीने स्वतः चाचणी द्यावी. त्या दिवशी मी येणार नाही. शिष्यवृत्ती न मिळाल्यास कादंबरीला जूनपासून हा अभ्यास सोडून नोकरी धरावी लागेल. नव्या बोर्डावरच्या तीन चुका तिच्या स्वतःच्या आहेत, असे ती म्हणते. त्या शोधायला तिला एक वर्ष हवे आहे.

आपली नम्र आणि आता गप्प बसण्याचा सराव करणारी,
वासंती श्रीधर आगाशे
शनिवार पेठ, पुणे
दि. ९ फेब्रुवारी २०२६

सोबत : फेरचाचणीतल्या मुलांचे चोवीस तक्ते, चुकांसह. एकही मी तपासलेला नाही.