खेळातली बाई जेवायला बोलावती

१ डिसेंबर, सोमवार

— अन् वर साक्षी म्हणती चांगलं झालं! काय चांगलं? पोटच्या पोरीनं आईला फोनमधल्या खेळात घालायचं. बांधावर एकटी उभी करायची. पुढं आंबिलीनं भरलेलं बिंदगं ठेवायचं, पदर फाटका दाखवायचा, अन् सगळ्या दुनियेनं बघून अरेरे करायचं! माझं नाव राजकन्या हाय. पन्नाशीला आले, मुरुडात आजवर कुणी माझी कीव केली न्हाई. कुणाची टाप न्हाई. अन् आता कुठले कुठले लोक, ज्यांचं मी तोंड बघितलं न्हाई, ते घरी बसून माझ्यासाठी रडून राहिले!

साक्षीनं दाखवलं. साक्षी म्हणजे धाकट्या जावेची सून, बिलोलीची. मी भाकरी थापत होते तर पळत आली, फोन थेट तव्यावर धरला. "मोठ्या आत्याबाई, बघा बघा, ह्या तुम्हीच हाईत ना?"

मीच. नाक माझं, कुंकू माझ्याएवढं, हिरवी साडी माझी. एक हात कमरेवर ठेवून उभं राहायची तऱ्हा पण माझी. शेवटी नावं येतात, कुणी काय काढलं त्याची. साक्षीनं वाचली. त्यात आमची पुनम.

पुनम पुण्याला कंपनीत चित्रं काढती एवढं ठाऊक होतं. असली काढती हे ठाऊक न्हवतं. तिचा फोन आला तर उचलणार न्हाई. ठरलं.

२ डिसेंबर, मंगळवार

साक्षीला म्हणलं, सगळा खेळ दाखव. नुसतं माझं तोंड दाखवून पळू नको.

तर खेळ असा. एक माणूस हाय, पाठीवर ओझं. दिवस मावळायच्या आत त्याला बाजाराच्या गावाला पोचवायचं. आपण बोटानं चालवायचं. वाटेत नदी, काटे, अंगावर येणारी कुत्री. अन् मधी ही बाई. आजूबाजूला सगळं शिवार रिकामं, हिची एकटीची कडब्याची कोप, झोपडीवाणी. माणूस जवळ आला की हात उचलून म्हणती, "या, जेवून जा." आवाज न्हाई, नुसती अक्षरं. खाली दोन चौकोन येतात. एकावर 'थांबतो', एकावर 'घाई हाय'.

थांबलं की दिवस मावळतो, बाजार हुकतो, खेळ खलास. म्हणून सगळे 'घाई हाय' दाबतात. दाबलं की ती हात खाली घेती. बिंदग्यावर झाकण ठेवती. अन् त्या माणसाच्या पाठीकडं बघत बसती.

एवढंच! मारामारी न्हाई, मरण न्हाई. पण साक्षीच्या डोळ्यात पाणी. "ह्याच जागेला सगळ्यांना रडू येतं, आत्याबाई. खाली लिहिलंय बघा लोकांनी. हा एक म्हणतो, दोन दिवस जेवण गेलं न्हाई."

म्हणलं, "मग तिथं का जेवला न्हाई मेला? ती बोलावतच होती की!"

"जेवलं तर हारतो ना, आत्याबाई."

रडायचं अन् पुढं जायचं. हे बरं हाय!

४ डिसेंबर, गुरुवार

हा खेळ येळवसाचा हाय. साक्षीच्या ध्यानात आलं न्हाई, तिच्या माहेराकडं एवढं करत न्हाईत. मी बघितल्या बघितल्या ओळखलं. कोपीत चुना लावलेले पाच दगड मांडलेत. पांडव. मार्गशीर्षाच्या अमावस्येला आम्ही सगळे शिवारात जातो, त्यांची पूजा करतो, कोपीभवती हाळी देत आंबील शिंपडतो. मग जेवण. गावात त्या दिवशी कुत्रं राहत न्हाई.

अन् वाटेनं कुणी जाऊ दे. एस्टीचा डायवर, पोलीस, दुसऱ्या गावचा पाव्हणा. हाक मारायची, बसवायचं, वाल-तुरीच्या दाण्यांची भज्जी अन् बाजरीचे उंडे वाढायचे. ज्याला बोलावलं त्यानं न्हाई म्हणायचं नसतं. पोट फुटायला आलं तरी बसायचं, घोटभर आंबील घ्यायची. ह्या कोपीतून उठला की त्या कोपीत. चालायला येईना होतं माणसाला.

मग येळवसाला एकटी बाई कधी कुणी बघितली? मागल्या साली आमच्या कोपीत पाय ठेवायला जागा न्हवती. सगळा खेळच खोटा. पुनमला गावच्या येळवसाचा इसर पडला. पडणारच. तीन येळवसा झाल्या, आली न्हाई, मागल्या साली तिथंच खोलीवर केली म्हणं.

ह्यांना दाखवला खेळ. चष्मा लावून लई वेळ बघत बसले. म्हणले, "बरी दिसतीस की. आधार कार्डापेक्षा बरी."

ह्यांच्याशी बोलण्यापेक्षा ही डायरी बरी. खताच्या दुकानाची हाय, वर्षभर कोरी पडली होती. चौथीपर्यंतच्या शिक्षणाला बास झाली.

५ डिसेंबर

पुनमचा फोन आला. उचलला न्हाई. वाजून वाजून बंद पडला. मग वाटलं परत वाजंल. हातातली परात खाली ठेवून बसले. वाजला न्हाई.

७ डिसेंबर, रविवार

गिरणीवर गेले होते. येळवसाला पीठ लागतं, आताच गर्दी सुरू. गिरणीवाली दानम्मा सगळ्यांच्या देखत, "राजकन्याबाई, तुमच्यावर खेळ निघाला म्हणं! आमची सून दोनदा रडली. म्हणली, बिचारी, कुणीच न्हाई का हो तिला?"

बिचारी!

म्हणलं, "तुझ्या सुनेला सांग, रडायच्या ऐवजी दळण वेळेवर काढ म्हणावं. मला सगळं हाय."

"चिडू नका ओ. पुनम येणार का येळवसाला?"

"येणार की!"

कसं तोंडातून गेलं कुणास ठाऊक. पोरीचा फोन मी उचलत न्हाई अन् गावाला सांगून आले येणार म्हणून. पिठाचा डबा डोक्यावर घेऊन येताना सारखं तेच. येणार का? विचारायचं कसं? विचारलं अन् न्हाई म्हणली तर?

घरी येऊन साक्षीला म्हणलं, तो खेळ माझ्या फोनात घाल.

"कशाला आत्याबाई, चिडायला?"

"घाल म्हणलं ना."

९ डिसेंबर, मंगळवार

खेळले. चारदा नदीत पडले, कुत्र्यानं फाडलं. मग पोचले तिच्यापाशी. "या, जेवून जा." मी 'थांबतो' दाबलं.

हे साक्षीनं दाखवलंच न्हवतं! तिनं ते कधी बघितलंच न्हाई, सारखी पुढंच जाती. थांबलं की माणूस ओझं उतरवतो, मांडी घालून बसतो. ती झाकण काढती, पळी घालती, वाटी भरून देती. अन् हसती. हसल्यावर गालाला खळी पडती. मला कुठं खळी हाय? खळी आमच्या पुनमला. माझ्या तोंडावर आपली खळी चिकटवून ठेवली येडीनं. तेवढ्यात दिवस मावळला. 'बाजार हुकला' असं आलं अन् खेळ खलास.

परत पहिल्यापासून. परत थांबले. परत खलास. दुपारभर तेच.

साक्षी हासून हासून बेजार. "आत्याबाई, सारख्या हारून राहिल्या तुम्ही! एकदा तरी पुढं जावा. बाजाराचं गाव लई भारी काढलंय."

"बोलावल्यावर बसावं लागतं."

"अवो, ती खरी न्हाई!"

"रीत तर खरी हाय ना?"

तिनं हात पुढं केला, "द्या बरं इकडं. मला पण बघू द्या थांबून." दोघी मिळून हारलो.

१० डिसेंबर

आज एकदाच 'घाई हाय' दाबलं. बघू तरी पुढं काय हाय म्हणून. तिनं झाकण ठेवलं. मी फोन पालथा घातला. वांग्याची भाजी करपली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पुढल्या शुक्रवारी येळवस. आज हे अन् दीर कोपीसाठी कडबा टाकून आले शेतात. तूर भरली हाय, हरभऱ्याला घाटे लागलेत, वाल चांगला. भज्जीला बाहेरचं काही आणायचं कामच न्हाई. आंबट चुका पण हाय बांधाला.

पुनम लहान होती तेव्हा आंबील नाकापर्यंत लावून घ्यायची. कोपीभवती हाळी देत फिरताना सगळ्यात मोठा आवाज हिचा. चुलत भाऊ लाजायचे, ही न्हाई. वाटेवर उभी राहून गाड्या अडवायची! एकदा तर जीपच अडवली. आतले साहेब म्हणले, बाळ, मीटिंग हाय. ही म्हणली, "मीटिंग झाल्यावर आंबील आंबट होती, आताच या!" उतरले की. दोन उंडे खाऊन गेले.

ती काय इसरणार येळवस? मी उगं लिहिलं तसं. मग अशी रिकामी कशाला काढली? सगळं शिवार ओस, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणी न्हाई. काय बघून काढलं पोरीनं?

सकाळपासून मनात एकच. ती वाटेवर उभी हाय, अन् मी फोन उचलत न्हाई.

उद्या मीच लावते.

१३ डिसेंबर, शनिवार

लावला. आधी शिव्या घातल्या. तोंडात तेच आलं पहिल्यांदा. "मला भिकारीण केलीस. दुनिया कीव करून राहिली माझी. गिरणीवर तोंड दाखवायची सोय न्हाई!"

ती म्हणली, "माय, ती तू न्हाईस."

"तोंड माझं, साडी माझी, अन् मी न्हाई?"

"येळवसाची बाई काढायची म्हणलं की हातातून तुझंच तोंड येतं. दुसरं येतच न्हाई. पण ती मी हाय, माय."

मला काही कळंना. मग सांगितलं तिनं. मागल्या येळवसाला खोलीवर भज्जी केली. वाल एका बाजारातून, चुका दुसऱ्यातून, तुरीच्या शेंगा लई हिंडून मिळाल्या. आंबील लावली. हापिसातल्या सगळ्यांना सांगितलं, शेजारच्या दारांना सांगितलं, या जेवायला. सगळे म्हणले, अरे वा, जमलं तर येते. दुपार झाली, कुणी न्हाई. दिवस मावळला, कुणी न्हाई. ही गॅलरीत उभी राहून खाली रस्त्याकडं बघत होती. मग पातेल्यावर झाकण ठेवलं.

अन् मला फोनवर काय म्हणली होती? "झकास झालं माय! सगळे आले, भज्जी पुरली न्हाई." मी ते सगळ्या गावाला सांगितलं. पोरगी पुण्यात येळवस करती म्हणून मिरवले.

म्हणलं, "मग खेळात तरी थांबणाऱ्याला जिंकू द्यायचं होतं गं."

"मी तेच म्हणत होते. साहेब म्हणले, तसं केलं तर कुणाला रडू येणार न्हाई. लोकांना ती बाई आवडती, माय. लई आवडती. सगळे म्हणतात काळजाला लागती." हासली जरा. "मागल्या साली जे आले न्हाईत ना, ते पण म्हणतात."

"यंदा सुट्टी?"

"न्हाई. अमावस्येच्या दुसऱ्याच दिवशी खेळाचा पुढला भाग निघतो. कुणालाच सुट्टी न्हाई."

"मग खोलीवर करणार?"

"न्हाई करत. कुणाला बोलावू? परत झाकण ठेवायला?"

फोन ठेवून चुलीपाशी बसून राहिले. साक्षी येऊन विचारून गेली, काय झालं. काही न्हाई म्हणलं.

१४ डिसेंबर, रविवार

ह्यांना सांगितलं, यंदा मी कोपीत न्हाई. आंबील धाकटी जाऊ लावील, पांडवाला निवद साक्षी दाखवील. हे म्हणले, "येळवस सोडून गावाला गेलेली बाई अजून बघितली न्हाई." म्हणलं, आता बघा. मग हेच शेतात गेले अन् पिशवीभर वाल अन् तुरीच्या शेंगा तोडून आणून दिल्या.

पुनमला फोन लावला. म्हणलं, गुरुवारच्या गाडीनं येते. हापिसात सांग, साहेबाला सांग, जिन्यातल्या सगळ्या दारांना सांग, खालच्या वॉचमनला सांग. जो 'जमलं तर' म्हणंल त्याचा नंबर मला दे, मी बोलते त्याच्याशी. अन् उंडे कितीजणांचे करायचे ते बुधवारपर्यंत कळव. 'बघते' म्हणू नको. आकडा सांग.