पूनम सागरमधलं कृष्णविवर

शनिवार, आरतीहून आल्यावर

डोकं फिरलंय नुसतं. आमच्या पूनम सागर सोसायटीच्या गणपतीला यंदा देखावा आहे आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरच्या कृष्णविवराचा, आणि त्यात लपवलाय आमच्याच घरातला व्हॅक्यूम क्लीनर. आईने मला न विचारता देऊन टाकला. थर्माकोलचे गोळे टेबल फॅनच्या वाऱ्यावर गरगर फिरतात आणि व्हॅक्यूम क्लीनर ते गिळतो.

माझी पीएचडी याच कृष्णविवरावर चाललीय. ते जवळजवळ उपाशीच असतं. आसपासचा बहुतेक वायू आत जातच नाही. का जात नाही, तेच तर शोधतेय! सेक्रेटरी सावंतकाकांना हे किती वेळा सांगितलं. म्हणे, "अगं, उपाशी राक्षस बघायला पब्लिक येईल का?" आणि वर फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात माझं नाव, 'मार्गदर्शन' म्हणून. कसलं मार्गदर्शन? माझं एक तरी ऐकलं का?

आज ऐन आरतीत व्हॅक्यूम क्लीनर गोळ्यांनी चोंदला आणि बंद पडला. फॅन चालूच. गोळे नुसते फिरत राहिले, काही बाहेर उडाले, एक थेट मोदकांच्या ताटात. आत मात्र एकही जाईना.

"बिघडला, बिघडला!" काका ओरडले. "बंद करा तो फॅन!"

मी टाळ्या वाजवत समोरच उभी होते. म्हटलं, "हात लावू नका, काका. आत्ता कुठे देखावा बरोबर चालायला लागलाय."

सगळे हसले. काका नाही हसले. आरती संपल्यावर त्यांनी स्वतः स्टुलावर चढून फ्लेक्सवरच्या माझ्या नावावर पट्टी चिकटवली.

चला, तीही चूक दुरुस्त झाली.