कोटांच्या कपाटातून

६ जानेवारी, सकाळ

आजपासून रोजनिशी. कलाकारानं कामाची नोंद ठेवायलाच हवी.

निर्णय झाला. हक्क संपलेली जुनी पुस्तकं लोक घरबसल्या वाचून रेकॉर्ड करतात आणि ती इंटरनेटवर जगात कुणालाही फुकट ऐकायला मिळतात. सगळे स्वयंसेवक. अर्ज भरला. अनुभवाच्या रकान्यात लिहिलं, माइकसमोर सव्वीस वर्षं. खोटं नाही. गावच्या बर्फावरच्या हॉकीच्या रिंकवर सव्वीस हिवाळे घोषणा मीच केल्या. गोल कुणाचा, आणि पार्किंगमध्ये कुणाच्या गाडीचे दिवे चालू राहिलेत. पोट भरलं ते रस्त्यावरचा बर्फ काढायच्या गाडीवर, पण गाव एल्रॉय टॉलेफसनला ओळखतं ते आवाजावरून.

पुस्तक घरातलंच. निळ्या पुठ्ठ्याची कादंबरी, लेक सुपीरियरमधल्या दीपगृहात राहणाऱ्या एका बाईची. माझ्या बायकोच्या, लव्हॉनच्या आईची प्रत. लव्हॉनचे डोळे मागच्या उन्हाळ्यापासून अधू झालेत. कडेचं दिसतं, समोरचं अक्षर दिसत नाही. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून तिचं एकच चाललंय, की आई वाचून दाखवायची ते पुस्तक, संध्याकाळी मला एकेक प्रकरण वाचून दाखव. म्हटलं, एकटीला काय वाचून दाखवायचं? सगळ्या जगाला वाचून दाखवतो, त्यात तूही आलीसच. म्हणाली, "मग मी रांगेत कितवी?"

एकतीस प्रकरणं. रोज एक. ५ फेब्रुवारीला काम खलास.

९ जानेवारी

स्टुडिओची जागा ठरली. पुढच्या दाराजवळचं कोटांचं कपाट. आत लव्हॉनचे हिवाळी कोट चार आणि तिच्या आईचा फरचा एक. जाड कापड आवाज पिऊन टाकतं, असं शिकवणीच्या व्हिडिओत सांगितलंय. माझा कोट एकच, तो अंगावर. आत स्टूल, माइक, लॅपटॉप, पुस्तक, मी. दार ओढून घेतलं की बाहेरचं जग संपलं.

टपालपेटीपर्यंत जायला लव्हॉनला कोट हवा होता. दारावर टकटक करून म्हणाली, "आतल्या साहेबांची हरकत नसेल तर राखाडी द्या." टेक वाया गेला. तिला सांगितलं, बाहेर जायचं असेल तर आदल्या दिवशी कळवत जा.

११ जानेवारी

घर फार बोलतं. ऐकेपर्यंत कळत नाही. हीटिंगची घरघर, फ्रिजची गुणगुण, लव्हॉनची खुर्ची. हीटिंग बंद केलं. बाहेर शून्याखाली वीस आहे, पण दोन तासांचा तर प्रश्न. फ्रिजही बंद. परत चालू करायचं विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. किल्लीशिवाय घराबाहेर पडता येणार नाही, म्हणजे आठवण होणारच. अनुभवी लोकांची युक्ती.

१२ जानेवारी

काल घराबाहेर पडायचं कामच निघालं नाही. रात्रभर हीटिंग चालू आणि फ्रिज बंद; दूध नासलं. ओव्हनमध्ये भाजून ठेवलेलं हॉटडिश आंबलं. आज रेकॉर्डिंगसाठी पुन्हा हीटिंग बंद, तर लव्हॉन ब्लँकेट गुंडाळून बसली होती, म्हणाली, जेवण बाहेर टेबलावरच ठेवायचं, फ्रिजपेक्षा घर थंड आहे.

१५ जानेवारी

चूक झाली की माइकसमोर एक टाळी वाजवायची. नंतर पडद्यावर आवाजाच्या रेघेत तिथे उंच सुळका दिसतो, कापायला सोपं. आज पहिल्या प्रकरणाचा चौथा टेक. बाहेर आलो तर लव्हॉन म्हणाली, "एकशे चौदा टाळ्या. गर्दी चांगली होती वाटतं."

वेळापत्रक थोडं सैल केलं. दोन दिवसांना एक प्रकरण. घाई हा कलेचा शत्रू.

१९ जानेवारी

एडिटिंग जमायला लागलं. पडद्यावर शब्द म्हणजे डोंगर, शांतता म्हणजे सपाट जमीन, श्वास म्हणजे मुंगीचं वारूळ. आणि अधूनमधून, जिथे काही असायला नको तिथे, छोट्या टेकड्या. ती लव्हॉन. दाराबाहेरून काहीबाही विचारते. हे पत्र कुणाचं आलंय, टोमॅटोचा डबा कुठला, आज वार कुठला. टेकडी निवडायची, बटण दाबायचं, जमीन सपाट.

आज लव्हॉनला सतरा ठिकाणी कापलं. हात बसत चालला आहे.

२३ जानेवारी

लव्हॉननं पुन्हा विषय काढला. आज जे वाचलंस त्यातल्याच चार ओळी मला वाच ना, दिवा विझतो तिथपर्यंत. समजावून सांगितलं, गळा हे वाद्य आहे, दिवसाला दोन तासांच्या वर वाजवायचं नाही. पुस्तक पूर्ण होऊन इंटरनेटवर चढलं की हेडफोन लावून निवांत ऐक. उत्तम प्रतीचं मिळेल.

आवाज जपण्यासाठी संध्याकाळी मौन. लव्हॉनला काय हवं-नको ते पाटीवर लिहून दाखवत होतो. तिला ते वाचता येत नाही हे जेवणानंतर लक्षात आलं.

३ फेब्रुवारी

क्षुल्लक प्रसंग, पण नोंद असावी. पहिल्या प्रकरणाचा नववा टेक, इतका सुंदर चालला होता की टाळी एकच. वादळाचं ते अकरा ओळींचं वाक्य मी एका दमात घेत होतो. त्याच वेळी लव्हॉनला डोळ्यांत थेंब घालायचे होते. तिनं कानाचे घातले. दोन्ही बाटल्या सारख्या दिसतात, ही औषधवाल्यांची चूक.

दवाखान्यात डोळा धुऊन दिला. दोन दिवस लाल राहील, बाकी काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. येताना गाडीत गळ्याला तेवढीच विश्रांती दिली. पहिलं प्रकरण स्वयंसेवकांच्या मंडळाकडे पाठवून दिलं.

६ फेब्रुवारी

तपासणीचा अहवाल आला. प्रत्येक फाइल एक स्वयंसेवक कान लावून ऐकतो. माझ्या नशिबी कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकच्या थिबोडो बाई. सभ्य आहेत. त्रेचाळीस शेरे. सहाव्या मिनिटाला "वाचक घोषणा केल्यासारखा ओरडतो." रिंक त्यांनी पाहिलेलं नाही, त्यांना काय कळणार. शेवटी पाच सेकंद शांतता हवी, तिथे माझं "झालं एकदाचं" राहून गेलंय. आणि हा एक:

"११ मिनिटं ४२ सेकंद. एक बाई विचारते, एल्रॉय, डोळ्यांची बाटली कुठली, निळ्या झाकणाची की पांढऱ्या? दोनदा विचारते. हे मूळ पुस्तकात सापडलं नाही. कृपया कापावं."

ही एक टेकडी नजरेतून सुटली कशी, कळत नाही. कापली.

९ फेब्रुवारी

डुलुथहून लव्हॉनची बहीण आर्डिस आली. कपाटाचं दार सरळ उघडलं. मी म्हटलं, रेकॉर्डिंग चालू आहे. म्हणाली, "तू आधी कपाटातून बाहेर ये, मग आपण मोठ्या माणसांसारखं बोलू."

लव्हॉन थोडे दिवस तिच्याकडे राहायला जाते आहे. हवापालट. मला दोघींचं पटलं. घरात शांतता असली तर प्रकरणं झपाझप होतील. लव्हॉन निळं पुस्तक घेऊन गेली, माझ्याकडे कॉम्प्युटरवर आहे. कोटही सगळे नेले, फरचासुद्धा. गाडीपर्यंत मीच उचलून दिले. थोड्या दिवसांना पाच कोट कशाला, असं मनात आलं, पण बायकांच्या सामानात मी पडत नाही.

जाताना म्हणाली, "फ्रिज चालू कर, एल्रॉय."

१३ फेब्रुवारी

घर आदर्श आहे. पडद्यावर रेघ सपाट, आरशासारखी. फक्त आवाज पिंपात बसून बोलल्यासारखा घुमतो. माइक बिघडला असावा.

२० फेब्रुवारी

थिबोडो बाईंनी विचारलं, खोली बदललीत का? मागच्या वेळी तुमच्या चुका पुष्कळ होत्या, पण आवाज उबदार यायचा. उत्तर दिलं, काही साहित्य तात्पुरतं बाहेरगावी गेलं आहे.

कपाटात टॉवेल टांगले. स्लीपिंग बॅग टांगली. न्हाणीघराचा पडदा टांगला. रिंकचे माझे सात जर्सी शर्ट टांगले. घुमतंच आहे. पाच रिकामे हँगर आहेत, ते श्वास सोडला तरी वाजतात. ते मात्र काढले नाहीत. परत आल्यावर लागतील.

८ मार्च

दुसरं मंजूर. तिसरं चालू.

कापलेल्या टेकड्या कॉम्प्युटरमध्ये कुठे शिल्लक असतात का, ते शोधत होतो. केवळ पूर्वीच्या आणि आताच्या आवाजाची तुलना करायला. कुठेच नाहीत. जागा वाचवायची म्हणून मी वेळच्या वेळी कचरापेटी रिकामी करत आलो. शिस्तीचे तोटेही असतात.

२२ मार्च

दर रविवारी लव्हॉनचा फोन. कितवं चाललंय? तिसरं. बरं. जेवतोस का? जेवतो. परत कधी येतेस? बर्फ उतरू दे.

तिला म्हटलं, घर आता इतकं शांत आहे की विचारू नकोस. म्हणाली, "विचारलं नव्हतं."

२ एप्रिल

तिसरं मंजूर. थिबोडो बाईंनी खास लिहिलं आहे, शेवटची पाच सेकंद शांतता त्यांनी आजवर ऐकलेल्यांत सर्वांत स्वच्छ. ऐकणाऱ्यांचा आकडा खाली दिसतो. दोन. एक त्या, एक मी.

बर्फ उतरला. लव्हॉन म्हणाली, रस्ते वाळू देत.

८ एप्रिल, दुपार

रस्ते वाळले. स्वतः जाऊन पाहिले, थेट हायवेपर्यंत. हे सांगायला, रविवार नसताना, कपाटात बसूनच डुलुथला फोन केला. आर्डिसनं उचलला. म्हणाली, "थांब जरा, दोन पानं राहिलीत," आणि फोन टेबलावर ठेवला.

वाचत होती. निळं पुस्तक. दिवा दुसऱ्यांदा विझतो आणि ती बाई दोर धरून गच्चीवर चढते, तो भाग. म्हणजे एकोणतिसावं प्रकरण.

वाचन अत्यंत सदोष. बेटाचं नाव तिन्ही वेळा वेगळं. मागे किटलीची शिट्टी, ती कुणी बंद करायला उठेना. कुत्रं. वाक्याच्या मध्येच आर्डिस खोकली, पाणी प्यायली, आणि कुठे होतो गं आपण म्हणाली. लव्हॉननं सांगितलं, "तिसऱ्या पायरीवर," आणि वर म्हणाली, आई इथे नेहमी थांबायची, आम्हाला ओरडायला लावायची. मग दोघीही ओरडल्या, आवाज फाटेपर्यंत. ती पट्टी कुठल्याही तपासणीत टिकणार नाही. एके ठिकाणी माझा हात टाळीसाठी वर गेला होता. वाजवली नाही. हँगरच्या बाजूला सरकलो नाही. श्वास तोंडानं घेतला, ऐकू जाऊ नये म्हणून.

दोन पानं म्हणाली होती, पंचवीस मिनिटं झाली. प्रकरण संपल्यावर पाच सेकंद थांबायची पद्धत त्यांच्यात नाही. दोघी एकदम बोलायला लागल्या. कपांचा आवाज. फोनची आठवण कुणालाच राहिली नाही. मी ठेवला नाही.

लव्हॉन म्हणाली, उरलेली दोन उद्या. आर्डिस म्हणाली, मग परत पहिल्यापासून? लव्हॉन म्हणाली, तुझा घसा बसलाय. आर्डिस म्हणाली, "बसू दे. घसा ठेवून काय करायचंय?"

किटली अजून वाजत होती.

आज रेकॉर्डिंग नाही. आवाज जपून ठेवला आहे.